अंगावर धावून येणारा कोंबडा: डिचोली तालुक्यातील एका घराचे प्रकरण

या प्रकरणातील कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. सल्ला देणारा पशुवैद्यक या नात्याने मी या घराशी सुमारे वर्षभर संपर्कात होतो.

पार्श्वभूमी

हे घर गोव्यातील डिचोली तालुक्यात, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला आहे. घरात सत्तरी ओलांडलेली आजी, औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारा तिचा मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात अशी पाच माणसे आहेत. परसात गावठी कोंबड्या पूर्वीपासून असत. त्यांच्याकडे पाहण्याचे काम आधी आजीचे होते, गुडघे दुखू लागल्यावर ते सुनेकडे आले.

मे महिन्याच्या अखेरीस एका गावठी कोंबडीने पिल्ले काढली. पावसाला सुरुवात होताच मुंगसाने कोंबडीसह सगळी पिल्ले नेली आणि एकच पिल्लू वाचले. बाहेर गारठा असल्यामुळे ते स्वयंपाकघरात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, दिव्याच्या उबेला वाढवण्यात आले. नातवाने त्याचे नाव खंडू ठेवले. जवळजवळ सगळा पावसाळा खंडूने एकही कोंबडी पाहिली नाही. त्याचा सगळा सहवास माणसांचा, आणि त्यातही नातवाचा होता.

पिल्लू कोणाला आपले समजते, हे बरेचसे अंड्याबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ठरते. कळपात कसे वागावे, हे मात्र ते पुढच्या आठवड्यांत बरोबरीच्या पिल्लांकडून आणि मोठ्या पक्ष्यांकडून शिकते. दुसऱ्याला टोचले की आपल्यालाही टोचून घ्यावे लागते, आणि मोठा कोंबडा आला की बाजूला व्हावे लागते, हे त्याला तिथे कळते. खंडूला हे शिकवणारे कोणी नव्हते. उलट नातू त्याच्यापुढे चप्पल नाचवायचा, खंडू चपलेवर झेप घ्यायचा आणि घरातले सगळे हसायचे. हा खेळ दिवाळीपर्यंत चालू होता. दिवाळीनंतर पाच तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या आणि खंडू परसात राहू लागला.

समस्या

फेब्रुवारीच्या सुमारास खंडू नातवाभोवती तिरका फिरू लागला. एक पंख खाली सोडायचा, तो पायाला घासत अर्धा फेरा घ्यायचा आणि मध्येच जमिनीवर चोच मारल्यासारखे करायचा. कोंबडीपुढे केलेले हे वर्तन प्रणयाचे असते. माणसापुढे किंवा दुसऱ्या कोंबड्यापुढे केलेले आव्हानाचे असते. घरच्यांना ते नाचणे वाटले आणि त्याचे मोबाइलवर चित्रीकरणही झाले. पुढे त्या चित्रफिती मला फार उपयोगी पडल्या, कारण मान केव्हा फुलते आणि झेप केव्हा येते, यांतील अंतर त्यांत स्पष्ट दिसत होते.

एप्रिलमध्ये पहिला खरा हल्ला सुनेवर झाला. ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन पाठमोरी चालली होती. त्यानंतर सामान पोचवायला आलेला तरुण, शेजारची बाई आणि अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशातले प्रतिबिंब, सगळ्यांना प्रसाद मिळाला. मेच्या सुरुवातीला, सकाळी तुळशीला पाणी घालताना आजीच्या पोटरीत खंडूच्या पायाचा काटा घुसला. आजीच्या पायांत फुगलेल्या शिरा आहेत, त्यामुळे रक्त थांबायला बराच वेळ लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन देण्यात आले. रेबीजची लस घ्यावी का, असा प्रश्न घरच्यांनी तिथे विचारला. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असून कोंबड्यापासून तो होत नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले.

फुगलेल्या शिरांची गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो. घराघरांत कोंबड्याचा हल्ला हा थट्टेचा विषय असतो. परंतु ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करताना कोंबड्याने पायावर टोचल्यामुळे फुगलेली शीर फुटली आणि रक्तस्रावाने एका वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाला, अशा घटनेची नोंद २०१९ साली न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे. अशा घटना विरळच. तरीही वृद्ध माणसाची पोटरी आणि लहान मुलाचा डोळा या दोन ठिकाणी कोंबड्याची झेप नेमकी पोचते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आजीच्या जखमेनंतर आठवड्याभरात चार वर्षांच्या नातीच्या पापणीखाली ओरखडा उमटला, आणि कुटुंबाने माझ्याकडे विचारणा केली.

तपासणी आणि निरीक्षणे

आक्रमक पक्ष्याची तपासणी रात्री करावी. अंधारात कोंबडा दांडीवर बसल्यावर त्याला दोन्ही हातांनी पंखांसकट उचलता येते आणि झटापट होत नाही. पक्षी अचानक आक्रमक झाला असेल तर आधी दुखणे शोधावे लागते, म्हणून डोळे, पायांचे तळवे, शेपटीखालची त्वचा आणि काटे पाहिले. पिसांत थोड्या उवा होत्या, त्यांवर उपचार केले. याखेरीज खंडू पूर्ण निरोगी होता. काटे साधारण दीड सेंटीमीटरचे आणि टोकदार होते. तलंगांच्या पाठीवरची पिसे मात्र गेलेली होती. एका कोंबड्यामागे आठ ते दहा माद्या असाव्यात असा सर्वसाधारण अंदाज धरतात. इथे पाचच होत्या.

शेजाऱ्यांचे म्हणणे होते की खंडूत असील जातीचे रक्त असावे. असील कोंबडे आपसात जिवावर उदार होऊन लढतात हे खरे. परंतु त्यांपैकी पुष्कळ कोंबडे माणसाच्या हाताखाली शांत असतात. त्यामुळे तो अंदाज खरा मानला तरी माणसांवरच्या हल्ल्याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

उलगडा घरच्यांच्या वागण्यात होता. हल्ला झाला की आजी घरात निघून जायची, सून झाडू फेकून मागे सरायची, मुलगा लाथ मारायचा आणि नातू मुद्दाम पळून त्याला मागे धावायला लावायचा. कोंबड्याला समोरचे माणूस दूर जायला हवे असते. त्याने झेप घेतली आणि माणूस दूर गेले, की झेप कामाची आहे हे तो शिकतो. लाथेचा अर्थ तो वेगळा लावतो: समोरचा लढतो आहे, म्हणून पुढच्या वेळी अधिक जोराने किंवा पाठीमागून यावे. चार माणसांनी मिळून त्याला रोज सराव दिला होता.

ऋतूचाही वाटा होता. दिवस मोठा होत जातो तसा नरातील संप्रेरकांचा जोर वाढतो. गोव्यात डिसेंबरातला दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा असतो आणि जूनमधला सुमारे तेरा तासांचा. हा फरक युरोपाइतका मोठा नाही, तरी पक्ष्याला तो जाणवतो. या प्रकरणाचा निकाल कधी लावायचा, हे ठरवताना पुढे हीच बाब कळीची ठरली.

विचारात घेतलेले पर्याय

मुलाचे मत सरळ होते: रविवारी शागुती करावी. हे घर मांसाहारी आहे, कोंबडा पाळण्यामागचा एक हेतू तोच असतो, आणि लहान मुलाच्या डोळ्याला धोका असताना हा पर्याय क्रूर म्हणता येणार नाही. मी तो शेवटपर्यंत यादीतून काढू दिला नाही. नातवाचे रडणे हे एक कारण त्याआड आले. दुसरे कारण सुनेचे होते. कोंबड्या तिच्या होत्या आणि तिला एकदा प्रयत्न करून पाहायचा होता. राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, कोंबा (कोंबडा) द्यावा, असे शेजारी एकाने सुचवले. आजीने ते मान्य केले नाही. नवस केलेला नसताना नको झालेला कोंबडा देवाच्या नावावर काढणे तिला योग्य वाटले नाही, आणि तो विषय तिथेच संपला.

विकण्याच्या पर्यायाने एक अनपेक्षित वळण घेतले. अंगावर येणारा कोंबडा आहे हे ऐकून एक जण स्वतःहून आला आणि बाजारभावापेक्षा बराच जास्त दाम देऊ लागला. तो कशासाठी नेणार हे कोणी बोलले नाही, पण सर्वांना कळले. प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. गोव्यातील धिरयोवरची, म्हणजे बैलांच्या झुंजींवरची, न्यायालयीन बंदीही १९९६ पासूनची आहे. कुटुंबाने नकार दिला. खोड लपवून दुसऱ्या घरी देणे हा पर्यायही मी मान्य केला नसता, कारण त्या घरातही मुले असणारच.

खच्चीकरणाविषयी विचारणा झाली. कोंबड्याचे वृषण पोटाच्या आत, पाठीच्या कण्याला लागून असतात. ती शस्त्रक्रिया लहान वयात करण्याची पद्धत आहे आणि पूर्ण वाढलेल्या नरात रक्तस्रावाचा धोका मोठा असतो. तो विचार सोडून दिला. माद्या वाढवल्याने तलंगांच्या पाठी वाचल्या असत्या, पण माणसांवरचे हल्ले त्याने थांबत नाहीत.

गावात सर्वांत जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे कोंबड्याला पाय धरून उलटा लटकवणे किंवा जमिनीवर दाबून धरणे, म्हणजे त्याला ‘मालक कोण ते कळते’. उलटे लटकवणे मी स्पष्टपणे नाकारले. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. उलटे धरल्यावर पोटातील अवयवांचा भार श्वसनाच्या पिशव्यांवर येतो आणि श्वास कोंडतो. दाबून धरल्याने काही कोंबडे तेवढ्यापुरते निपचित पडतात, हे खरे आहे. परंतु खंडूचा धडा ‘माणूस दूर गेले पाहिजे’ हा होता, आणि दाबून धरल्याने माणूस अधिकच नकोसा होतो.

राहिला पर्याय कुंपणाचा आणि सवय बदलण्याचा. यात दोन कामे वेगळी ठेवली: माणसांचे संरक्षण कुंपणाने करायचे आणि ते पहिल्या दिवसापासून पूर्ण हवे, शिकवण नंतर, आणि तिच्या यशावर कोणाचीही सुरक्षितता अवलंबून ठेवायची नाही.

सुरुवात करण्यापूर्वी एक निर्णय लेखी घेतला, आणि मला वाटते, सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत उपयोगी पडला. कुंपणाबाहेर खंडूने कोणाचेही रक्त काढले, तर त्याच दिवशी त्याचा शेवट करायचा. आणि चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) सुनेवरचे हल्ले कमी झाले नाहीत, तर तिच्या मताप्रमाणे करायचे. हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिले, म्हणजे रागाच्या किंवा मायेच्या भरात पुन्हा वाद नको. नातवालाही ते वाचून दाखवले.

केलेली उपाययोजना

पावसापूर्वी घराच्या मागच्या बाजूला, तुळस, विहीर आणि येण्याजाण्याची वाट यांपासून दूर, सुपारीच्या खोडाच्या फाळ्या रोवून आणि त्यांना बारीक जाळी मारून माणसाच्या उंचीचे आवार केले. वरून मासेमारीची जुनी जाळी ताणली. खंडू उडून बाहेर येऊ नये आणि घार आत उतरू नये, असे दोन्ही हेतू त्यात साधले. दाराच्या आत आणखी एक दार ठेवले. मुलांनी आत जायचे नाही, या नियमाला अपवाद नव्हता.

काट्यांची टोके रात्री कानशीने बोथट केली. काट्याच्या आत हाडाचा जिवंत गाभा असतो आणि बाहेरून नखासारखे कवच. त्यामुळे फक्त टोक घासायचे असते. कवच उपटून काढण्याची युक्ती काही जण सांगतात. तिने उघडा पडणारा गाभा अत्यंत दुखरा असतो, आणि दुखणारा कोंबडा अधिक चिडतो.

शिकवण सुनेने केली. तिच्या हातात ढालीसारखे धरायला जुने सूप दिले. ते मारण्यासाठी नव्हते. पहिले काम अंतर शोधण्याचे होते. दारापासून किती पावलांवर खंडूची मान फुलते, ते पाहून तिने त्याच्या अलीकडे थांबायचे, मूठभर भात टाकायचा, आणि खंडू ‘कुक् कुक्’ करून माद्यांना दाण्यांकडे बोलावू लागला की तिथून निघून जायचे. माणसाने निघून जाणे हेच त्याला हवे असलेले बक्षीस आहे. ते आता शांत राहिल्यावर मिळणार होते. झेप घेतलीच तर सूप पुढे धरून जागच्या जागी उभे राहायचे. पुढे सरायचे नाही आणि मागेही नाही. त्याने पाठ फिरवली किंवा खरोखर दाणे टिपायला लागला, की मगच निघायचे. खरे टिपणे आणि आव्हानाचे खोटे टिपणे यांतला फरक ओळखायला सुनेला थोडे दिवस लागले. खोट्या टिपण्यात कोंबड्याचा एक डोळा माणसावर असतो आणि चोचीत काहीच येत नाही.

पहिल्या काही दिवसांत हल्ले वाढले. आतापर्यंत चालत आलेली युक्ती अचानक चालेनाशी झाली, की प्राणी ती आधी अधिक जोराने करून पाहतो, हे अपेक्षित होते. घरच्यांना त्याची पूर्वसूचना दिलेली होती, तरीही मुलाने याच टप्प्यावर प्रयत्न सोडून द्यावा असा आग्रह धरला. सून थांबली नाही. नंतर हल्ले विरळ होत गेले, आणि जुलैच्या मध्याला नुसती मान फुलवण्यावर आले.

जुलैच्या अखेरीस मुलगा पावसात गमबूट घालून, सूप न घेता आवारात शिरला. खंडू धावला आणि त्याने लाथ मारली. दुसऱ्या दिवशी सुनेवरही झेप आली. मग दोन गोष्टी केल्या. मुलाने आवारात जाणेच बंद केले. गमबूट मात्र सुनेने घालायला सुरुवात केली: आधी ते लांब ठेवलेले, मग पायांत, पण दूर अंतरावर, मग जवळ. गमबूट आणि फडफडणारी ओढणी या दोन गोष्टींनी त्याची मान सर्वांत लवकर फुलायची, हे दिनदर्शिकेवरील खुणांवरून दिसून आले होते.

चवथीचे दिवस

चवथीला या घरात मुंबई-पुण्याचे सगळे नातेवाईक येतात. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधण्यापासून विसर्जनापर्यंत अंगण माणसांनी आणि फटाक्यांच्या आवाजाने भरलेले असते. तोपर्यंत सुनेवरचे हल्ले जवळजवळ थांबले होते, त्यामुळे लेखी ठरावाप्रमाणे खंडू राहिला. मात्र ही परीक्षा घेण्याची वेळ नव्हती. सण संपेपर्यंत आवाराच्या अंगणाकडील बाजूला जुन्या साड्या बांधून आड केली, आतल्या दाराला कुलूप लावले आणि शिकवण पूर्ण थांबवली. तरी एका पाहुण्या मुलाने साडी सारून जाळीतून बोट घातले आणि टोचून घेतले. त्वचा फुटली नाही. ठरावात ‘कुंपणाबाहेर’ असे शब्द होते. बोट कुंपणाच्या आत गेले होते. यावर घरात बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी जाळीपासून हातभर अंतरावर दुसरी जाळी लावून तो विषय मिटवण्यात आला.

निष्पत्ती

ऑक्टोबरात खंडूची पिसे झडू लागली आणि तो अगदीच मवाळ झाला. घरच्यांना काम फत्ते झाल्यासारखे वाटले आणि कुंपण काढण्याची चर्चा सुरू झाली. मी त्याला विरोध केला. पिसे झडण्याच्या काळात आणि लहान दिवसांत नराचा जोर ओसरतो. तेव्हाचा शांतपणा शिकवणीचा की ऋतूचा, हे सांगता येत नाही. चैत्रापर्यंत थांबायचे ठरले.

मार्च-एप्रिलमध्ये उत्तर मिळाले. सुनेपुढे खंडूची मान फुलत नव्हती. मुलगा दाराशी आला, की मात्र तो तिरका फिरू लागायचा, आणि अनोळखी माणसावर त्याने जाळीच्या आतून झेपही घेतली. सुनेने शिकवलेले तिच्यापुरतेच पक्के झाले होते. आजी आणि मुले यांच्यासाठी खंडू आजही तितकाच धोक्याचा मानला जातो, आणि कुंपण कायमचे झाले आहे. हे पूर्ण यश म्हणता येत नाही; परंतु नातीच्या ओरखड्यानंतर कोणालाही जखम झालेली नाही.

आक्रमकतेचा काही अंश वंशातून येतो, म्हणून खंडूपासूनची अंडी उबवायची नाहीत असे ठरले. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दुसऱ्या घरातली अंडी ठेवतात.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय अगदी सुरुवातीला उपलब्ध होता. एकट्या वाचलेल्या पिल्लाबरोबर शेजारून आणलेली दोन-तीन पिल्ले त्याच खोक्यात ठेवली असती, तर बहुधा पुढचे बरेचसे टळले असते. चपलेचा खेळ थांबवणे हा त्याखालोखालचा उपाय. फेब्रुवारीत पहिल्यांदा पंख खाली सोडलेला दिसला, तेव्हाच शिकवण सुरू झाली असती तर काटे लहान होते आणि पाठीशी हल्ल्यांचा सराव नव्हता. कुंपण सुनेवरच्या पहिल्या हल्ल्यानंतर लगेच घालायला हवे होते. ते आजीच्या जखमेनंतर आणि नातीच्या ओरखड्यानंतर घातले गेले.

ठरावाचे शब्दही अधिक नेमके हवे होते, हे बोट टोचल्याच्या प्रसंगावरून दिसते. जाळीतून झालेली इजा धरायची की नाही, हे आधीच लिहायला हवे होते.

एक गोष्ट तांत्रिक नाही, पण सांगितली पाहिजे. कोंबडा ठेवावा हे नातवाला हवे होते, मारावा हे मुलाला. रोज सकाळ-संध्याकाळ सूप घेऊन उभे राहण्याचे काम मात्र एकट्या सुनेवर पडले. ती तयार नसती, किंवा मध्येच थकली असती, तर कोंबडा मारणे हाच बरोबर निर्णय ठरला असता, आणि माझा सल्लाही तोच राहिला असता. अशा प्रकरणात पहिली विचारणा हे काम कोण करणार याची व्हावी, आणि जो करणार त्याच्या होकाराशिवाय पुढे जाऊ नये.

यंदाच्या पिल्लांत दोन नर आहेत. ती सगळी पिल्ले कोंबडीखाली, बाहेरच वाढत आहेत. स्वयंपाकघरात एकही आणलेले नाही. पाच महिन्यांचे होईपर्यंत सून दोन्ही नरांचे वागणे पाहणार आहे आणि त्यांपैकी एकच ठेवायचा, तोही तिला दाणे टाकताना वाट देणारा, असे घरात ठरले आहे. दुसऱ्याचे काय करायचे, याविषयी मुलाचे मत अजून बदललेले नाही.